आरेतल्या दगडापुढचं गाऱ्हाणं

आमच्या घरात सहल हा शब्दच नव्हता. सुट्टी लागली की गावाला जायचं, बस्स. निकाल हातात पडला की त्याच आठवड्यात ट्रंक माळ्यावरून खाली, चाळीतल्या लोकांनी गावच्या माणसांना द्यायला दिलेल्या पिशव्या एका कोपऱ्यात, आणि मग घाटातल्या प्रत्येक वळणाला ओकणारा माझा धाकटा भाऊ. जून उजाडला की तसंच परत. मुंबईत सुट्टी कशी घालवतात हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणी राणीच्या बागेत गेल्याचं सांगायच्या, तेव्हा मी आमच्या गावच्या विहिरीत साप पडला होता ते सांगून त्यांची तोंडं बंद करायचे.

संपाच्या वर्षी मात्र सगळं फिसकटलं. बाबा परळच्या बाजूला एका गिरणीत कापड विणायच्या खात्यात होते. जानेवारीत संप सुरू झाला आणि मे आला तरी मिटायचं नाव नाही. बाबांचा आवाज मुळात दांडगा. मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेला माणूस, साधं 'पाणी दे' म्हणाला तरी शेजारची बाई दचकायची. त्या आवाजाचं गावात मोठं कौतुक होतं. कुणाकडे काही कार्य असलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालायला बाबांना बोलवायचे. नारळ ठेवायचा, जागेच्या राखणदार देवाला हाक मारायची, मनातलं मागणं मोठ्यानं बोलायचं आणि दर वाक्याला मागच्या लोकांनी एकमुखानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. बाबा गाऱ्हाणं घालायला लागले की पार खाडीपलीकडच्या वाडीत ऐकू जायचं. पण संप लांबत गेला तसा तो आवाज बसत गेला. एप्रिलपर्यंत बाबा इतके हळू बोलायला लागले की आम्हालाच "काय?" म्हणून विचारावं लागायचं, आणि विचारलं की ते बोलायचेच बंद व्हायचे.

अशाच एका संध्याकाळी जेवताना ते हळूच म्हणाले, "जूनपासून पोरां गावाकच रवतली. तूय थयच रव. खोली भाड्यान देव्या. मी कोणाकडे तरी पथारी टाकतंय."

आई भाकरी थापत होती, थापतच राहिली. आमच्या कांजूरच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं एव्हाना गावाला गेली होती, त्यामुळे यात नवीन असं काही नव्हतं. पण मला आधी शाळा आठवली. मी सहावी पास झाले होते, चांगल्या मार्कांनी. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल खाडीच्या पलीकडे, रोज होडीनं कोण पोरीला पाठवणार? माझी चुलत बहीण सातवीनंतर घरीच बसली होती आणि शेणी थापत होती. हुशार होती माझ्यापेक्षा. मला तिचं जे झालं ते व्हायला नको होतं. मी ताटावरून उठले, तर आईनं हाताला धरून परत बसवलं.

"मे संपापर्यंत माका काम सोडूचा नाय," ती बाबांना म्हणाली. ती तेव्हा पेनांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली होती. "जावचा तर जाव्या. पण तवसर रविवारी पोरांका मुंबई तरी दाखवूया. जल्म हय गेलो, आणि बघल्यानी काय? नळ आणि संडासाची लाइन."

बाबा काही बोलले नाहीत. आईनं तोच होकार धरला. ही तिची जुनीच खोड.

पहिल्या रविवारी पवईचा तलाव. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे आणि कैरी बांधून घेतली होती. बसमध्ये सुकटीचा असा काही वास सुटला की पुढच्या सीटवरची बाई उठून उभीच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई आरामात खिडकीबाहेर बघत होती. बाबा पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसले होते, जसे काही कॅनच्या सोबतीला आलेत.

तलावावर भावानं मगर दिसेपर्यंत जेवणार नाही म्हणून हट्ट धरला. मगर दिसली नाही, तो जेवला. जेवायच्या आधी आईनं पहिला घास पानावर काढून झाडाखाली ठेवला. उघड्यावर जेवताना त्या जागेच्या राखणदाराचा घास आधी काढायचा, ही पण आमची रीत. आणि मग सहज बोलल्यासारखं बाबांना म्हणाली, "दोन शब्द बोला मा."

"कोणाक बोलू?" बाबा म्हणाले. "हयच्या देवाक मी म्हायत आसय? गावचो देव माझ्या आज्याक वळखता. हयसर कोण वळखता?"

"इतकी वर्सां हयचा पाणी पितास."

"गिरणीत होतंय म्हणान पितं होतंय," बाबा म्हणाले आणि तलावाकडे पाठ करून बसले.

त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आता वाटतं, बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत असणार. मुंबईत गिरणी होती म्हणून ते होते. गिरणी नाही तर आपण इथे कोण, हा त्यांचा हिशोब. पण तेव्हा मी लहान होते आणि जन्माची चिडकी. आजही आहेच म्हणा. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस मला शेणी थापायला पाठवतोय आणि वर तोंड फुगवून बसलाय.

पुढच्या रविवारी बोरिवलीला कान्हेरीची लेणी. आईच्या सहलींची एक गंमत माझ्या नंतर लक्षात आली. परळ-लालबागकडे जाणारी एकही सहल तिनं काढली नाही. सगळ्या उलट्या दिशेच्या, डोंगराकडच्या, झाडांकडच्या. त्या दिशेला बाबांना गिरणीतलं कुणी भेटणार नव्हतं आणि बंद गेट दिसणार नव्हतं.

कान्हेरीला उन्हानं आमची वाट लागली. माकडानं भावाच्या हातातली भाकरी पळवली, सुकट मात्र हुंगून टाकून दिली. भावाला त्याचा फार अपमान वाटला. तो माकडाच्या मागे धावला आणि दिसेनासा झाला. आई आणि मी हाका मारतोय, पत्ताच नाही. तेव्हा बाबा त्या मोठ्या खांबांच्या लेण्यात शिरले आणि पोटातून हाक मारली. बाप रे. दगडाच्या त्या पोकळीत आवाज असा काही घुमला की लेणी बघायला आलेली माणसं वळून बघायला लागली. भाऊ एका खांबामागून मुकाट बाहेर आला. बाबा स्वतःच चपापले. मग ओशाळल्यासारखं हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघितलं मी. आईनं पदरानं तोंड पुसलं, पण ती नुसतं तोंडच पुसत होती असं मला वाटत नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण उतरल्यावर स्टॉपवरच एक गाववाला भेटला. त्यानं बायकापोरांना कालच गावच्या गाडीत बसवून दिलं होतं. घरी येईपर्यंत बाबांचा आवाज परत बसला होता. रात्री जेवताना म्हणाले, "फुडल्या सोमवारी शाळेत जावन दोघांचे दाखले मागतंय."

दाखला काढला म्हणजे संपलंच. माझी जागा गेली. शाळेत नाव घालायला लोक रांगा लावत, सोडून दिलेली जागा पुन्हा कोण देतंय? मी आठवडाभर बाबांशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, कारण ते कुणाशीच बोलत नव्हते.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी आईनं आरे कॉलनी ठरवली. मी सरळ सांगितलं, "मी नाही येणार. मजा करायला घेऊन जाता आणि वर नावही काढून टाकता. मला नकोत तुमच्या सहली."

आई पिशवी भरत होती. तिनं पिशवीत एक नारळ ठेवला, सोललेला, शेंडीवाला. "नाय येवचा तर नको येव," ती म्हणाली. "पण व्हय म्हणूक माणसां लागतत."

मला काही कळलं नाही. पण नारळ बघून मी चपला घातल्या.

आरेत बस शिरली की हवा बदलायची. दोन्ही बाजूंना झाडी आणि मधेच शेणाचा नि गवताचा वास. भाऊ खिडकीतून म्हशी दिसल्या की प्रत्येक म्हशीला हात करत होता. बस तबेल्यांपाशी आली तेव्हा बाबा न सांगता खिडकीकडे सरकले. "वास गावासारखो येता," ते म्हणाले. कोणी विचारलं नसताना ते एवढं बोलले, म्हणजे पुष्कळच झालं.

छोटा काश्मीर म्हणतात त्या बागेत सगळे जातात, पण तिथं झुडपाझुडपाआड जोडपी बसलेली. आईनं नाक मुरडलं आणि आम्हाला रस्ता सोडून आत पायवाटेनं चालवत नेलं. बरंच आत गेल्यावर एक मोठं आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्यापासून थोडं पुढं, गवतात, गुडघ्याएवढा उंच एक दगड. वरची बाजू लाल रंगानं माखलेली.

"हो बघा," आई म्हणाली. "हयचो राखणदार."

बाबा दगडाकडे बघत राहिले. आई पिशवीतून नारळ काढत म्हणाली, "आपण जातंव ना आता? मगे सांगान जावक नको? इतकी वर्सां हेच्या राज्यात रवलंव. गावाकडसून येताना सांगान येतास, आणि हयसून तसेच चोरासारखे जातलास?"

आता हे बिनतोड होतं. कोकणातला माणूस देवाला न सांगता जागा सोडत नाही. बाबांनी चपला काढल्या. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला. शेंडी दगडाकडे करून नारळ ठेवला. आईनं मला घासाचं पान दगडाच्या पाठीमागं ठेवायला सांगितलं, म्हणजे पायाखाली येणार नाही. मी मागे गेले, वाकले आणि थबकले. मागच्या बाजूला पांढऱ्या रंगानं एक बाण काढलेला होता, बाणाखाली आकडे. पाण्याची पाइपलाइन कुठून जाते ते दाखवायला रोवतात तसला दगड होता तो. असे दगड मी आमच्या कांजूरला पाइपाशेजारी ढिगानं बघितले होते.

मी पान ठेवलं आणि पुढं येऊन गप उभी राहिले. हे सांगितलं असतं तर बाबांनी नारळ उचलून पिशवीत टाकला असता, रुमाल खिशात घातला असता आणि पुन्हा कॅन घेऊन बसले असते. मला ते नको होतं. निदान ते बोलताहेत एवढं तरी मला ऐकायचं होतं.

बाबांनी हात जोडले. सुरुवातीला आवाज अगदी खाली होता.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघं म्हणालो.

"आज ह्या ठिकाणी तुझी लेकरां नारळ घेवन उभी रवली हत, ता मानून घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"इतकी वर्सां तुझ्या वळचणीक रवलंव. तुझा पाणी पिलंव. कदी तुका हाक मारूक नाय, कदी तुझो मान दिलो नाय, ती चूकभूल पदरात घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

प्रत्येक 'व्हय'ला आवाज वर चढत होता. कान्हेरीचा आवाज, गावचा आवाज. झाडावरचे पक्षी उडाले. बाबांचे डोळे मिटलेले, मान ताठ. हा माझा बाप, आणि तो किती दिवस कुठे गेला होता असं झालं मला.

"माझी गिरण बंद पडली हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"माका हय काय काम नाय. म्हणान ही माझी पोरां मी गावाक न्हेवन सोडतंय, म्हाराजा..."

आणि कोणी काही बोललंच नाही.

मी आईकडे बघितलं. आई समोर दगडाकडे बघत होती, हात जोडलेले, ओठ घट्ट मिटलेले. भावानं सवयीनं तोंड उघडलं तेवढ्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो माझ्या हाताला चावला. मी हात काढला नाही.

मागच्या लोकांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. जात नाही म्हणजे नाहीच. जे मागणं माणसांनी उचलून धरलं नाही, ते देवापर्यंत पोचवणार कोण? बाबा थांबले. त्यांना वाटलं, आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. "पोरां गावाक न्हेवन सोडतंय, म्हाराजा..."

वारा होता, एक म्हैस कुठेतरी हंबरली, बाकी काही नाही.

बाबांनी डोळे उघडले. मागे वळले नाहीत. नुसते दगडाकडे बघत उभे राहिले. रुमालाखालून घाम मानेवर येत होता. मला भीती वाटली, की आता हा माणूस चिडेल, नाहीतर रडेल, आणि दोन्ही मला झेपलं नसतं. आई तशीच. तिनं जोडलेले हात छातीशी आणखी घट्ट धरले. तिलाही भीती वाटत होती तर.

मग बाबा बोलले. गाऱ्हाण्याच्या आवाजात नाही, विचारल्यासारखं.

"नायतर... हयच रवांदेत?"

माझा हात सुटला आणि भाऊ असा काही ओरडला, "व्हय म्हाराजा", की त्याचा आवाज फाटला. पाठोपाठ मी. पाठोपाठ आई, आणि आईचा आवाज आमच्या दोघांपेक्षा मोठा निघाला.

मग बाबांना कोणी थांबवू शकलं नाही. पोरां हयच रवांदेत, व्हय म्हाराजा. हयच शिकांदेत, चेडवाक फुडे फुडे शिकांदे, व्हय म्हाराजा. माझी गिरण चालू होतली तर होऊंदे, नाय झाली तर दुसरा कायतरी काम माका मेळांदे, मी लाजाचंय नाय, व्हय म्हाराजा. घरकारणीच्या हाताक यश दी, व्हय म्हाराजा. एका दमात सगळं बोलून झालं, जे घरात त्या चार भिंतींत एकदाही बोलले नव्हते. मी व्हय व्हय म्हणत रडत होते. चेडवाक शिकांदे, पोरीला शिकू दे, हे त्यांनी माझ्या नावानं, माझ्यासमोर मागितलं होतं.

नारळ फोडला. पांढराशुभ्र निघाला. आम्ही सुकटभाकरी आणि खोबरं असं जेवलो, आणि बाबांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. जेवून ते आंब्याखाली आडवे झाले आणि ढाराढूर घोरायला लागले.

परतीच्या बसमध्ये भाऊ बाबांच्या मांडीवर झोपला होता. मी आईच्या कानाशी लागले. "आई, तो दगड देवाचा नव्हता. मागं बाण होता. पाइपाचा दगड तो."

"ठाव आसा माका," आई म्हणाली.

"कसं?"

"डोळे आसत माका. गप रव." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "व्हय तर आपणच म्हटलंव ना."

सोमवारी बाबा शाळेत गेले नाहीत. ते सकाळीच दाढी करून भांडुपच्या कारखान्यांच्या गेटांवर काम विचारायला बाहेर पडले. लगेच मिळालं असं नाही. बरेच दिवस गेले, बरंच काही ऐकून घ्यावं लागलं, पण दिवाळीच्या आत एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते मशीनवर लागले. गिरणीतला मान तिथं नव्हता. बाबांची गिरणी काही परत सुरू झाली नाही. जूनमध्ये मी सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले आणि पुढे शिकत गेले, पार कॉलेजपर्यंत.

पुढच्या मेमध्ये गावाला जाऊन आलो, आणि मग एका रविवारी बाबाच म्हणाले, "आरेत जाव्या. नारळ घ्या." त्याच पायवाटेनं आत गेलो. पावसानं दगडाचा लाल रंग बराच गेला होता. गवत वाढलं होतं म्हणून बाबा ते उपटायला दगडाच्या मागच्या बाजूला गेले. आई पिशवीत काहीतरी शोधायला लागली, जे पिशवीत नव्हतंच.

बाबा वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. बाणावरची माती त्यांनी अंगठ्यानं पुसली, आकडे वाचले. मग उठले, पुढे आले, डोक्यावर रुमाल टाकला आणि नारळ ठेवला. हात जोडायच्या आधी त्यांनी मान वळवून आमच्या तिघांकडे एकेक करून बघितलं.

"आणि ह्या टायमाक," ते म्हणाले, "मधीच गप रवू नकात."